वडिलांची बाजू

पुरुषाला स्तनाचा कर्करोग होतो, हे अजूनही दोनदा सांगावे लागते. पहिल्या वेळी समोरच्याला वाटते की आपल्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. दुसऱ्या वेळी तो विचारतो, "पुरुषाला कसा होईल?" हा प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याचे उत्तर अवघड नाही. प्रत्येक पुरुषाच्या स्तनाग्रामागे जन्मापासून थोड्याशा नलिका असतात. वयात येताना मुलींमध्ये त्या वाढतात, त्यांना फांद्या फुटतात. मुलांमध्ये त्या वाढत नाहीत, पण नाहीशाही होत नाहीत. नलिका आहेत म्हणजे त्यांच्या आतले पेशींचे अस्तर आहे आणि ते कधीतरी बिघडू शकते. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत पुरुष फार तर एखादा असतो, पण असतो.

प्रोस्टेटच्या कर्करोगाचे तसे नाही. तो उतारवयातल्या पुरुषांचा नेहमीचा आजार आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या कर्करोग नोंदींत पुरुषांच्या पहिल्या काही कर्करोगांत त्याचे नाव असते, आणि आपल्याकडे आयुर्मान वाढत चालले आहे तसा तो जास्त दिसू लागला आहे. एक आजार इतका विरळा की तो पुरुषाला होतो हेच पटवून द्यावे लागते, दुसरा इतका परिचित की साठीनंतर लघवीची तक्रार सुरू झाली की घरचेच त्याचे नाव काढतात. हे दोन्ही एकाच माणसाला, किंवा एकाच घरातल्या दोन-तीन पुरुषांना झाले तर त्यातून काय समजायचे आणि पुढे काय करायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय छोटा वाटेल. दोन्ही कर्करोग झालेले पुरुष असून असून असणार किती? मोजके. तरीही त्यांच्यासाठी स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, कारण त्या एका माणसाच्या आजारात त्याच्या मुलींची, मुलांची, बहिणींची, पुतण्यांची माहिती दडलेली असू शकते. ती वेळेवर वाचली तर पुढच्या पिढीतला एखादा कर्करोग टळतो, किंवा हाताबाहेर जाण्याआधी सापडतो. आपल्याकडे ती वाचली जात नाही. स्तनाचा कर्करोग म्हटले की आपण आईकडे, मावशीकडे, आजीकडे पाहतो. वडिलांच्या बाजूला कुणी पाहत नाही.

योगायोगाची बाजू आधी नीट मांडते, म्हणजे पुढचे वाचताना कुणी उगाच धास्तावणार नाही. प्रोस्टेटचा कर्करोग वयानुसार इतका वाढतो की दुसऱ्याच कारणाने वारलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनातही त्याचे छोटे, निरुपद्रवी केंद्र बरेचदा सापडते. त्यामुळे पंच्याहत्तरीत ज्याला स्तनाचा कर्करोग झाला, त्याला प्रोस्टेटचाही निघाला तर ती निव्वळ वयाची गाठभेट असू शकते. शिवाय एका कर्करोगासाठी तपासण्या सुरू झाल्या की दुसरा सापडण्याची शक्यता आपोआप वाढते. म्हणून दोन्ही आजार झालेल्या प्रत्येक पुरुषात आनुवंशिक दोष असतोच, असे कुणीही म्हणू नये. पण तो आहे का, हे प्रत्येकाच्या बाबतीत विचारले मात्र पाहिजे. हे विचारायला विज्ञान कसे शिकले, ती हकीकत मला फार मोलाची वाटते.

1990 मध्ये अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवून दिले की काही घराण्यांत कमी वयात येणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा माग सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जागेपर्यंत लागतो. त्या जागी असलेले जनुक म्हणजे बीआरसीए-1. पुढची तीन-चार वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत ते नेमके हाती लागावे म्हणून शर्यत चालू होती. लंडनच्या दक्षिणेला सटन येथे मायकेल स्ट्रॅटन आणि त्यांचे सहकारी हेच काम करत होते. त्यांनी एक वेगळी चाळणी लावली. ज्या घराण्यांत एखाद्या पुरुषालाही स्तनाचा कर्करोग झाला आहे तेवढीच त्यांनी बाजूला काढली आणि त्यांचा दोष सतराव्या गुणसूत्राशी जुळतो का ते पाहिले. जुळला नाही. 1994 मध्ये हा निष्कर्ष छापून आला, त्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावर दुसरी जागा सापडली आणि 1995 च्या अखेरीस तिथले जनुक हाती आले. ते बीआरसीए-2. ज्या पुरुष रुग्णाला इतकी वर्षे अपवाद म्हणून टिपणीत टाकले जात होते, त्यानेच या जनुकाकडे जाणारी वाट दाखवली.

या जनुकाचे काम काय? आपल्या पेशींतल्या डीएनएचे धागे रोज तुटत असतात आणि पेशी ते दुरुस्त करत असते. दोन्ही धागे एकदम तुटले तर दुरुस्तीच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे ठिगळ. तुटलेली टोके जमेल तशी जोडायची, थोडे कमी-जास्त झाले तरी चालवून घ्यायचे. दुसरी म्हणजे रफू. रफूगार शेजारचे साबूत विणकाम पाहून अगदी तसाच धागा भरतो, तशी पेशी जोडीच्या अखंड प्रतीवरून तुटलेला भाग हुबेहूब भरून काढते. या रफूसाठी रॅड-51 नावाचे प्रथिन नेमक्या जागी नेऊन बसवावे लागते, आणि ते बीआरसीए-2 करते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक जन्मतःच सदोष असली तरी दुसरीवर काम भागते. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथे रफू बंद होतो, नुसती ठिगळे लागत जातात, चुका साचत जातात. स्तन आणि प्रोस्टेट या दोन्ही ग्रंथी संप्रेरकांच्या हुकमतीखाली वाढतात, त्यांच्या पेशी या संप्रेरकांच्या इशाऱ्यावर विभागतात, आणि अशा चुका तिथे महागात पडतात. स्त्रियांत स्तनाबरोबर बीजकोशाचाही कर्करोग याच दोषातून येतो, आणि स्वादुपिंडाचा दोघांनाही.

आकडे एवढ्यासाठी देते की त्यांवाचून भीती वाढते. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता हजारात एखादी. बीआरसीए-2 चा दोष असलेल्या पुरुषात वेगवेगळ्या अभ्यासांनुसार ती शंभरात चार ते आठ. म्हणजे पट पुष्कळ मोठी आहे, तरी अशा शंभर पुरुषांतल्या नव्वदहून अधिक जणांना स्तनाचा कर्करोग होत नाही. प्रोस्टेटचे पारडे जड आहे. पाच हजारांहून अधिक कुटुंबांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऐंशी वर्षांपर्यंत प्रोस्टेटचा कर्करोग होण्याचा अंदाज या पुरुषांत सुमारे 27 टक्के निघाला. बीआरसीए-1 च्या दोषात पुरुषांचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका बीआरसीए-2 पेक्षा पुष्कळ कमी आहे. म्हणून या पुस्तकात बीआरसीए-2 ची पाने जास्त आहेत.

हे सगळे कागदावरचे गणित एका देशाने आपल्या अंगावर वाचले आहे. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत. तिथे 1955 पासून देशातल्या प्रत्येक कर्करोगाची नोंद होते, आणि लोकांच्या वंशावळी शतकानुशतके लिहून ठेवलेल्या आहेत. बीआरसीए-2 मधला एकच दोष, पाच अक्षरांची एक गळती, कुणा जुन्या पूर्वजाकडून तिथे पिढ्यानपिढ्या उतरत आली आहे. आज दर हजार माणसांत सहा ते आठ जण ती घेऊन जन्मतात. नव्वदच्या दशकात तिथल्या संशोधकांनी स्तनाचा कर्करोग झालेले पुरुष तपासले, तर सुमारे 40 टक्क्यांमध्ये हीच गळती सापडली. स्त्री रुग्णांत तेच प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. म्हणजे वंशदोषाचा पुरावा पुरुषात कितीतरी ठसठशीत होता. त्याच कुटुंबांतल्या पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोगही होत होता, आणि तो साधा नव्हता. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आइसलँडच्याच अभ्यासात दोष असलेले प्रोस्टेटचे रुग्ण निदानानंतर मध्यकाने 2.1 वर्षे जगले आणि दोष नसलेले 12.4 वर्षे. हा अभ्यास लहान होता, त्यातले बरेच रुग्ण प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्तचाचणी रुळण्याआधीच्या काळातले होते, आज चित्र तितके काळे नाही. तरीही ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की प्रोस्टेटचा कर्करोग "सावकाश चालणारा" म्हणून सरसकट सोडून देता येत नाही, हे कळते.

पुढे आइसलँडमध्ये एक पेच उभा राहिला. डीकोड जेनेटिक्स या कंपनीने संशोधनासाठी लोकांचे जनुकीय वाचन केले होते. त्यामुळे कुणाकडे ही गळती आहे हे तिला ठाऊक होते, पण संशोधनातली माहिती माणसाला आपण होऊन सांगण्याची कायद्याने मुभा नव्हती. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख कारी स्टेफान्सन म्हणत राहिले की ज्यांना वाचवता येईल त्यांना गप्प राहून मरू देणे चूक आहे. दुसरी बाजू म्हणत होती की न कळण्याचाही माणसाला हक्क आहे. शेवटी 2018 मध्ये एक मधला मार्ग निघाला: ज्याला जाणून घ्यायचे त्याने स्वतः नाव नोंदवून विचारावे, त्यालाच सांगितले जाईल. हजारो लोकांनी विचारले. मला दोन्ही बाजूंचा आदर वाटतो, पण कल माझा विचारणाऱ्यांकडे आहे, आणि तो या पुस्तकात लपवलेला नाही.

आपल्याकडे अशी एकच ठळक गळती नाही. आपली घराणी अनेक, जाती-जमातींत लग्ने बांधलेली, प्रत्येक गटाचे जुने दोष वेगळे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत पिढ्यांची नावे मिळतात. कुणाचा मुलगा कोण, कोणत्या गावचा, हे कळते. कोण कशाने गेले ते मात्र त्यात नसते, आणि लेकींची नावे तर क्वचितच. आपली वैद्यकीय वंशावळ आपल्यालाच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून काढावी लागते. ती कशी काढतात ते एकदा बारकाईने पाहू. माणसे कल्पनेतली आहेत, बाकीचे सगळे क्लिनिकमध्ये होते तसे.

कोरा कागद घ्यायचा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. कर्करोग झाला असेल तर आकृती काळी करायची, माणूस गेला असेल तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची. समोर त्रेसष्ट वर्षांचे गृहस्थ बसलेले आहेत. सत्तावन्नाव्या वर्षी प्रोस्टेटचा कर्करोग, आता डाव्या स्तनाग्रामागे गाठ. त्यांचा चौकोन काळा, शेजारी बाण. "घरात आणखी कुणाला कॅन्सर?" "नाही, आमच्यात कुणालाच नाही." इथे घाई करणारा डॉक्टर कागद मिटतो. थांबणारा विचारतो, "वडील कशाने गेले?" वडील कंबरदुखीने गेले. कंबरदुखीने कुणी जात नाही, म्हणून आणखी विचारायचे. शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते, लघवीची नळी होती, पाठीचे हाड आपोआप मोडले होते. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत, विशेषतः मणक्यात पसरतो. चौकोनात प्रश्नचिन्ह. "बहिणी किती?" दोन. थोरली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, पोटात पाणी झाले होते. पोटात पाणी होऊन गेलेल्या बहिणीचा जुना कागद कुठे असेल तर तो शोधायला सांगायचे, कारण बीजकोशाचा कर्करोग असाच दिसतो. "वडिलांना बहिणी होत्या?" इथे बहुतेक वेळा गृहस्थांच्या पत्नी बोलतात. आत्याला छातीत गाठ होती असे सासूबाई सांगायच्या. आत्या लग्न होऊन दूर गेली, तिकडेच वारली, तिची मुले कुठे आहेत ते पाहावे लागेल. दहा मिनिटांत "आमच्यात कुणालाच नाही" या घराण्याच्या कागदावर एका बाजूला चार आकृत्या काळ्या किंवा प्रश्नांकित होतात. ती बाजू वडिलांची असते.

यात कुणी खोटे बोललेले नसते. आपल्या घरात आजार रोगाच्या नावाने लक्षात राहत नाही, तो ज्या त्रासाने दिसला त्या त्रासाने राहतो. आत्या तर सासरी गेलेली, तिचा आजार तिकडच्या घराच्या आठवणीत गेला. या जनुकाची एक प्रत बापाकडून येते, एक आईकडून, आणि सदोष प्रत मुलाला किंवा मुलीला मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी. बाप स्वतः आयुष्यभर धडधाकट राहूनही ती पुढे देऊ शकतो. दोन पिढ्या मुलगेच झाले तर दोष त्यांच्यातून चुपचाप उतरतो आणि तिसऱ्या पिढीतल्या मुलीत पस्तिशीत उगवतो. मग सगळे म्हणतात की हिच्या आईला तर काहीच नव्हते. म्हणून ज्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला आहे त्याला, दुसरे काही लक्षण असो-नसो, जनुकचाचणी सुचवावी असे आजचे मार्गदर्शन आहे. प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या पुरुषांनाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा 692 रुग्णांपैकी जवळपास 12 टक्क्यांमध्ये डीएनए दुरुस्तीच्या कुठल्यातरी जनुकात जन्मजात दोष सापडला, आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा बीआरसीए-2 चा.

दुसरे प्रकरण गाठीचे आहे, आणि तिथे डॉक्टरांनाही चकवणारी एक जागा आहे. चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी 1941 मध्ये दाखवले की वृषण काढले किंवा इस्ट्रोजेन दिले की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग आवरतो. हगिन्स यांना त्यासाठी 1966 मध्ये नोबेल मिळाले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या पुरुषांचे स्तन वाढत, दुखत. आज इस्ट्रोजेन मागे पडले, पण बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्यांनी हेच होते. त्यामुळे प्रोस्टेटच्या रुग्णाने छातीत काही लागते म्हटले की "औषधाने होते, सोडून द्या" असे उत्तर पटकन तोंडात येते. बहुतेकदा ते बरोबरही असते. पण त्या गाठीमागे आणखी दोन शक्यता असतात: प्रोस्टेटचाच कर्करोग स्तनात पसरला असेल, किंवा स्तनाचा नवा कर्करोग सुरू झाला असेल. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

तपासणारा हात यात पुष्कळ काही सांगतो. रुग्णाला आडवे व्हायला सांगतात, त्या बाजूचा हात डोक्याखाली. बोटे छातीच्या कडेकडून हलकेच स्तनाग्राकडे सरकवतात. औषधाने वाढलेला स्तन स्तनाग्राच्या बरोबर खाली, चकतीसारखा, चहूबाजूंनी सारखा, दाबला की दुखणारा आणि बरेचदा दोन्हीकडे असतो. कर्करोगाची गाठ बहुधा एकाच बाजूला, स्तनाग्रापासून थोडी सरकलेली, घट्ट, आणि बहुतेक वेळा न दुखणारी असते. स्तनाग्र आत ओढले गेले असेल, त्यातून रक्ताळ पाणी येत असेल, वरची कातडी चिकटली असेल तर शंका पक्की. मग काखेत गाठी आहेत का ते पाहायचे, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करायची. मॅमोग्राफी पुरुषाचीही होते. त्या खोलीबाहेरच्या बाकावर तो एकटाच पुरुष असेल आणि हातातल्या अर्जावर शेवटच्या पाळीची तारीख विचारलेली असेल, तरी त्याने उठून जाऊ नये. शेवटी सुईने तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा, आणि चिठ्ठीवर प्रोस्टेटचा इतिहास ठळक लिहायचा. हे लिहिणे राहून जाते म्हणून मुद्दाम सांगते. पीएसए हे प्रथिन नावाने प्रोस्टेटचे असले तरी स्तनाच्या काही कर्करोगांतही सापडते. त्यामुळे एका रंगचाचणीवर निकाल देता येत नाही, दोन-तीन वेगळ्या खुणा मिळवून पाहाव्या लागतात. पुढे काय शोधायचे हे पॅथॉलॉजिस्टला त्या चिठ्ठीवरूनच कळते.

उपचारांतही या दोन आजारांचे धागे एकमेकांत गुंततात. पुरुषांच्या स्तनाच्या दर दहापैकी साधारण नऊ कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसलेले असतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेन काही वर्षे देतात. स्त्रियांना रजोनिवृत्तीनंतर देतात त्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या पुरुषाला एकट्या देऊन भागत नाही. इस्ट्रोजेन कमी झाले की मेंदूतली पियुषिका ग्रंथी वृषणांना जोर लावते, टेस्टोस्टेरॉन वाढते, आणि ज्याच्या अंगात प्रोस्टेटचा कर्करोगही आहे त्याला ते नको असते. या गोळ्या द्यायच्याच तर सोबत वृषणांचे काम थांबवणारे इंजेक्शन लागते, जे प्रोस्टेटच्या रुग्णाला एरवीही देतात. म्हणजे दोन्ही उपचार एकाच टेबलावर बसून ठरवावे लागतात. प्रत्यक्षात मात्र रुग्णाच्या हातात दोन फायली असतात, दोन ओपीडींचे दोन वार असतात, आणि युरॉलॉजीतल्या डॉक्टरांना स्तनाची शस्त्रक्रिया झाल्याचे रुग्णाच्या सुनेने सांगितले तेव्हाच कळते. आमची आग्रहाची विनंती अशी की दोन्ही आजारांची कागदपत्रे एकाच फायलीत ठेवावीत आणि ती प्रत्येक वेळी प्रत्येक डॉक्टरसमोर उघडावी.

दोष सापडला तर तो उपचारालाही उपयोगी पडतो. 2005 मध्ये दोन गटांनी दाखवले की ज्या पेशींत बीआरसीएचा रफू बंद आहे त्यांना दुरुस्तीची आणखी एक वाट, पार्प नावाच्या प्रथिनाची, अडवली तर त्या टिकत नाहीत. निरोगी पेशींचा रफू चालू असतो म्हणून त्या बऱ्याच प्रमाणात तगतात. त्यातून आलेले ओलापारिब अमेरिकेत 2018 मध्ये बीआरसीए दोषाच्या पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी आणि 2020 मध्ये प्रोस्टेटच्या हट्टी कर्करोगासाठी मंजूर झाले. वेगवेगळ्या दोन अवयवांच्या कर्करोगांना एकाच दोषामुळे एकच गोळी लागू पडावी, ही गेल्या वीस वर्षांतली मोठी गोष्ट आहे. ती आपल्याकडे मिळते, पण तिची किंमत अजून सामान्य घराला झेपणारी नाही.

सगळेच जनुकावर ढकलू नये, म्हणून एक उलटे उदाहरण. 1942 मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर यांनी वर्णन केलेल्या अवस्थेत पुरुषाला एक एक्स गुणसूत्र जास्त असते. टेस्टोस्टेरॉन कमी, इस्ट्रोजेनचे प्रमाण त्या मानाने जास्त. अशा पुरुषांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, पण प्रोस्टेटचा कर्करोग त्यांना कमीच होतो. संप्रेरकांचे पारडे एका बाजूला झुकले की दोन आजारांपैकी एक जवळ येतो, दुसरा लांब जातो. म्हणून कमी वयात दोन्ही एकत्र आले की जनुकाचा संशय बळावतो.

चाचणी साध्या रक्ताची असते, पण तिच्याआधी समुपदेशकाशी बोलणे झालेच पाहिजे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग-जनुकशास्त्राचे स्वतंत्र क्लिनिक आहे, आता इतर मोठ्या शहरांतही अशी सोय होत आहे. अहवालाची तीन उत्तरे असू शकतात: दोष आहे, दोष नाही, आणि बदल आहे पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. तिसरे उत्तर आपल्या लोकांना जास्त वेळा मिळते, कारण तुलनेसाठी जमलेली माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्या तिसऱ्या उत्तरावर शस्त्रक्रियेसारखा कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो, अधूनमधून चौकशी करत राहायचे असते. दोष सापडलेल्या पुरुषाने पस्तिशीपासून स्वतःची छाती तपासायला शिकावे, वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी आणि चाळिशीपासून पीएसए चाचणी सुरू करावी. प्रोस्टेट वाढीसाठी फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल तर पीएसएचा आकडा निम्म्यापर्यंत खाली येतो, हे तपासणाऱ्याला सांगावे.

घरात हा विषय काढायला अडचण होते ती मुलींच्या लग्नाची. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. स्थळ मोडल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. पण गुपित ठेवल्याने दोष जात नाही, एवढेच की तो अंगात असलेली मुलगी तपासणीविना राहते. अमेरिकेत एडवर्ड ब्रुक हे माजी सिनेटर 2003 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, आपल्याला स्तनाचा कर्करोग झाल्याचे जाहीरपणे बोलले. 2019 मध्ये गायिका बियॉन्से यांचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी सांगितले की शर्टावर रक्ताचे ठिपके दिसू लागले म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. कर्करोग निघाला, चाचणीत बीआरसीए-2 चा दोष निघाला, आणि त्यांनी आधी मुलांना कळवले. प्रोस्टेटचीही आपल्याला आता नियमित तपासणी लागणार हे त्यांनी त्याच मुलाखतीत सांगून टाकले. आपल्याकडच्या कुणा नामवंत पुरुषाने असे बोलावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

शेवटच्या प्रकरणात एका पत्राचा नमुना दिला आहे. दोष सापडलेल्या माणसाने तो आपल्या रक्ताच्या नात्यातल्यांना पाठवायचा आहे: बहीण-भावांना, सज्ञान मुलांना, चुलत आणि आतेभावंडांना, मग ती नागपूरला असोत की न्यू जर्सीला. त्यात आजाराचे रडगाणे नको, सल्लेही नकोत. जनुकाचे नाव, दोष नेमका कुठला ते अहवालात लिहिले असेल तसेच अक्षर-आकड्यांसह, प्रयोगशाळेचे नाव, आणि भेटायला चालेल अशा समुपदेशकाचा पत्ता, एवढे पुरते. नेमका दोष माहीत असेल तर नातेवाइकाची चाचणी फक्त त्या एका जागेची करावी लागते, ती स्वस्त पडते आणि उत्तर हो किंवा नाही असे स्वच्छ मिळते. ज्याचे नाही येईल त्याला आणि त्याच्या मुलाबाळांना त्या दोषाची काळजी नको, बाकी सगळ्यांना असतो तेवढाच धोका त्यांना. ज्याचे हो येईल त्याच्या हाती, आजार होण्याआधी, पुरेशी वर्षे असतात.